स्टर्नड्राइव्हची गळती शोधायला फूटपंप, बोल्ट आणि जुनं बीपीचं मशीन

प्रश्न : नमस्कार काका, आम्ही तिघा मित्रांनी मिळून अलिबागकडून एक सेकंडहँड स्पीडबोट घेतलीये, अठरा फुटी, मागे मर्क्रूझर अल्फा वन स्टर्नड्राइव्ह, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि गिअर-पंखा मागे बाहेर. सध्या नाशिकला सातपूरमध्ये ओळखीच्या शेडमध्ये ट्रेलरवर उभी आहे. परवा गिअर ऑइल काढलं तर ताकासारखं पांढरं निघालं. मुंबईचा मेकॅनिक म्हणतो प्रेशर टेस्ट करावी लागेल, एकतर बाहेरून किट मागवा नाहीतर ड्राइव्ह खोलून टेम्पोत टाकून पाठवा. किटचा भाव ऐकून आमच्यातला एक तर भागीदारीच सोडायला निघालाय. घरच्या घरी काही जमेल का?
*– एक वाचक, इंदिरानगर*

उत्तर : जमेल की, आणि मित्राला थांबवा. त्या किटमध्ये असतं काय, तर एक हातपंप, एक गेज, हातभर नळी आणि ड्रेन प्लगच्या जागी बसणारा आरपार भोकाचा एक बोल्ट. पहिल्या तीन गोष्टी द्वारकेच्या टायरवाल्यांकडे नाहीतर रविवार कारंज्याच्या हार्डवेअरमध्ये मिळून जातील, चौथी तुम्ही सातपूरलाच आहात म्हटल्यावर शेजारचा लेथवाला चहा पिता पिता करून देईल.

आधी एक समजून घ्या. ऑइल पांढरं झालं म्हणजे आत पाणी गेलं एवढंच कळलं, कुठून गेलं ते नाही कळलं. पाणी शिरायच्या जागा बऱ्याच आहेत, पंख्याच्या (प्रोपेलरच्या) शाफ्टची सीलं, गिअर टाकायच्या शिफ्ट शाफ्टचं सील, वरचा आणि खालचा भाग जोडतात तिथला ओ-रिंग, वॉटर पंपाच्या खालचं सील, इंजिनाकडून जॉइंट येतो तिथलं सील, आणि सगळ्यात स्वस्त म्हणजे ड्रेन आणि व्हेंट प्लगखालचे वॉशर. मी आधी पंखा काढून शाफ्टवर मासेमारीची तंगूस गुंडाळलीये का ते बघेन. ती पंख्यामागे शिरून सीलच्या ओठात घुसते आणि वितळून तिथेच बसते, अलिबागची बोट म्हटल्यावर तर नक्कीच बघा.

आता तो बोल्ट. सगळं घोडं इथेच पेंड खातं. मर्क्रूझरच्या ड्रेन प्लगचे आटे ३/८ इंची, इंचाला १६, यूएनसी म्हणजे अमेरिकन मापाचे. लेथवाला याला तीन सुती म्हणेल, बरोबर आहे. पण दुकानात जाऊन नुस्तं 'तीन सुती निप्पल द्या' म्हणालात तर तो पाइपाच्या आट्यांचं बीएसपी निप्पल काढून देईल, ते बाहेरून साडेसोळा मिलिमीटरच्या वर भरतं आणि तुमचं भोक आहे साडेनऊचं. त्याहून वाईट म्हणजे एम १० बोल्ट, कारण तो डोळ्याला सेमच दिसतो, अर्धा मिलिमीटर जाड असतो, दोन आटे जातो आणि मग कुणीतरी पाना लावतं, झालं, ॲल्युमिनियमच्या हाउसिंगचे आटे गेले. जुन्या दुकानांतला बीएसडब्ल्यू, म्हणजे ब्रिटिश मापाचा बोल्ट मात्र जवळचा पाहुणा आहे, त्यालाही इंचाला १६च आटे, फक्त कोन ५५ अंशाचा आणि यूएनसीचा ६०. अडीनडीला हाताने फिरवून बसतो पण त्याला ताकद लावायची नाही.

मी तुमच्या जागी असतो तर १७चा पितळी हेक्स रॉड घेतला असता आणि लेथवाल्याला सांगितलं असतं, एका टोकाला ३/८ यूएनसी आटे काढ, दुसऱ्या टोकाला नळी घट्ट बसेल अशा खाचा पाड, मधून ३ एमएमचं आरपार भोक मार. आट्यांची लांबी तुमच्या मूळ प्लगएवढीच ठेवायची, जास्त नाही, आत गिअर फिरतोय. खांद्याखाली ओ-रिंग बसवा, टेफ्लॉन टेप इथे नको, तिचे तुकडे आत जातात. आणि त्याच रॉडचा तुकडा उरेल त्यात आतून तेच आटे मारून एक आंधळी टोपी करून घ्या, ती कशाला लागते ते पुढे सांगतो.

बाकीची जोडणी सोपी आहे. पाव इंची पितळी टी, तिच्या एका तोंडाला गेज, दुसऱ्याला नळी आणि बोल्ट, तिसऱ्याला छोटा बॉल व्हॉल्व आणि त्याच्या पलीकडे टायरचा व्हॉल्व. ट्यूबलेस टायरचा रबरी व्हॉल्व घट्ट बसेल अशा होजच्या तुकड्यात घालून क्लिप आवळली की काम झालं. सायकलचा जुना वालट्यूबवाला व्हॉल्व नको, तो रबराच्या नळीवर चालतो आणि हळूहळू सोडतो, मग तुम्ही बसाल गिअरबॉक्सला दोष देत. हवा भरून झाली की बॉल व्हॉल्व बंद करायचा म्हणजे पंप आणि व्हॉल्वची गळती हिशोबातूनच गेली.

आता ती आंधळी टोपी. ड्राइव्हला हात लावायच्या आधी बोल्ट टोपीत आवळायचा, १५ पौंड हवा भरायची, सगळं बादलीत बुडवायचं, बुडबुडे बघायचे, आणि मग पुसून रात्रभर तसंच ठेवायचं. नुसत्या टेस्टरमध्ये हवा असते चमचाभर, त्यामुळे केसाएवढी गळती असली तरी काटा लगेच पडतो, म्हणजे ही परीक्षा ड्राइव्हच्या परीक्षेपेक्षा कडक आहे. सकाळी काटा तिथेच असेल तर टेस्टर खरा. हे न करता जे लोक थेट ड्राइव्हला लावतात ते चांगली सीलं बदलत बसतात, असे ड्राइव्ह माझ्याकडे येतात आणि खोलल्यावर आत नवीकोरी सीलं नि जुनाच प्रॉब्लेम.

टेस्ट करताना ऑइल पूर्ण काढलेलं असू द्या, घट्ट ऑइल बारीक फटीत बसून गळती झाकतं. बोटीत आत गिअर ऑइलची बाटली असेल तर तिची नळी चिमटवून किंवा काढून बुच मारा, ती बाटली प्रेशरसाठी केलेली नसते. बोल्ट खालच्या भोकात, वरच्या व्हेंटला नवा वॉशर घालून प्लग.

आणि आता मुख्य गोष्ट, जी बहुतेक जण गाळतात. थेट १५-१६ पौंडांवर जायचं नाही. आधी ३ ते ५ पौंडांवर थांबायचं, पाचेक मिनिटं, शाफ्ट हाताने सावकाश फिरवत, गिअर पुढे-मागे टाकत. सीलचा ओठ असा असतो की आतलं प्रेशर वाढलं की तो शाफ्टवर आणखी दाबला जातो, म्हणजे थोडं झिजलेलं सील १५ पौंडांना मस्त धरतं आणि ३ पौंडांना सोडतं. लोक १५ला पास झालं म्हणून खूश होतात आणि बोट पाण्यात टाकल्यावर परत ताक. कमी प्रेशरला पास झालं की मग १६ ते १८ पौंडांपर्यंत न्या, त्याच्या वर नाही. ओ-रिंग, हाउसिंगचा तडा, प्लगचा वॉशर ही मंडळी वरच्या प्रेशरला बोलतात. हे आकडे साधारण आहेत, तुमच्या ड्राइव्हच्या नंबरप्रमाणे मॅन्युअलमध्ये जे असतील तेच धरा.

काटा पडतोय असं दिसलं की भांडी घासायचं लिक्विड पाण्यात कालवून ब्रशने लावा. फवारू नका, फवारल्यावर आधीच फेस होतो आणि खरा बुडबुडा दिसत नाही. पंख्याच्या शाफ्टवर लावलंत की शाफ्ट पाव-पाव फेरा फिरवत जा. बरेचदा एकाच जागी आल्यावर सीलच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा फुगतो, फुटतो, परत फुगतो आणि शाफ्ट जरा पुढे नेला की बंद. म्हणजे सीलबरोबर शाफ्टवरही खाच पडलीये, नुसतं सील बदलून भागणार नाही. तिथे नखाने चाचपून बघा, नख अडकलं तर शाफ्टला स्लीव्ह नाहीतर सील थोडं आतबाहेर बसवून नव्या जागी टेकवायचं.

प्रश्न : काका, माझ्याकडे द्राक्षबागेच्या एचटीपी पंपाचा चांगला गेज पडून आहे, तो चालेल का?
*– पिंपळगाव बसवंत*

उत्तर : नाही चालणार. फवारणीचा गेज ४०-५० किलोपर्यंतचा असतो आणि तुम्हाला बघायचंय पाव किलो ते सव्वा किलो. काटा शून्यावरून हलला की नाही यावरच तुमची भांडणं होतील. ० ते ३० पौंडांचा, म्हणजे ० ते २ किलोचा गेज घ्या, मोजायचं प्रेशर डायलच्या मधल्या भागात यायला पाहिजे. ठिबकच्या फिल्टरवरचा ० ते ४ किलोचा गेज असेल तर वरच्या टप्प्याला कसाबसा चालवून घ्या.

खालच्या ३ ते ५ पौंडांच्या टप्प्यासाठी मात्र एक झकास सोय घराघरात धूळ खात पडलेली असते, घड्याळासारख्या डायलचं जुनं बीपीचं मशीन. त्याचा डायल ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत असतो, म्हणजे पौंडांत पावणेसहाच्या आसपास. ३ पौंड म्हणजे १५५, ५ पौंड म्हणजे २६०. पट्टा काढून ठेवा, नळी आपल्या पितळी बोल्टला लावा, रबरी फुग्याने दाबत राहा, फुग्याला स्वतःचा वाल्व आणि सोडायचा स्क्रू असतोच. ड्राइव्हमध्ये दोनेक लिटर जागा असल्याने वीस-पंचवीस दाब लागतील. या डायलवर २ मिलिमीटरची पडझड पण दिसते, महागड्या किटच्या गेजवर ती दिसत नाही. फक्त वरच्या टप्प्याला जायच्या आधी ते काढून ठेवा, १५ पौंड दिले तर डायल कायमचा वाकडा होईल. डिजिटलवालं चालत नाही. पाऱ्याच्या नळीवालं तर बाहेरच काढू नका, पारा सांडला तर नसती आफत.

प्रश्न : मी गॅरेज चालवतो, माझ्याकडे दीडशे पौंडांचा कॉम्प्रेसर आहे. रेग्युलेटर लावून त्याच्यानेच हवा दिली तर काय बिघडेल? फूटपंप मारत बसायला वेळ कुणाला आहे?
*– द्वारका*

उत्तर : रेग्युलेटर चांगला असेल आणि तुमचा हात त्याच्यावर असेल तोवर काही नाही बिघडणार. पण स्वस्तातले रेग्युलेटर खालच्या टोकाला, म्हणजे ३-४ पौंडांना, धड सेट होत नाहीत आणि एकदा चिकटले की मागचं सगळं प्रेशर पुढे. अशा वेळी सील जागेवरून उडतं, आणि तुम्ही नेमके तिथेच ब्रश घेऊन वाकलेले असता. फूटपंपाचे किती दाब लागणार आहेत हो? दोन लिटर जागा भरायची आहे, ट्रकचं टायर नाही. कॉम्प्रेसरनेच करायचं असेल तर टाकीतच १८ पौंड हवा ठेवून करा, मग काही हरकत नाही.

प्रश्न : सर, तुमच्या पद्धतीने टेस्टर बनवला, मस्त झाला. प्रेशरला ड्राइव्ह पास, खालचं-वरचं दोन्ही. तरीही पंधरा दिवसांत ऑइल पांढरं. आता काय? व्हॅक्यूम पण बघावा लागतो असं ऐकलं पण व्हॅक्यूम पंप कुठून आणू?
*– अंबड*

उत्तर : बरोबर ऐकलंत. पंख्याच्या शाफ्टवर दोन सीलं पाठीला पाठ लावून बसवलेली असतात, एकाचं तोंड आत, ते ऑइल धरतं, दुसऱ्याचं बाहेर, ते पाणी अडवतं. आतून हवा भरली की परीक्षा पहिल्याची होते. पाणी बाहेरून येतं, त्यामुळे दुसऱ्याची परीक्षा उलट्या बाजूने, आतली हवा ओढूनच घ्यावी लागते. बोट दिवसभर चालवली की गिअरबॉक्स गरम होतो, संध्याकाळी पाण्यातच उभी राहिली की गार होतो आणि आतली हवा आकसते, तेव्हा हीच ओढ लागते. पाणी बरेचदा तेव्हाच शिरतं.

व्हॅक्यूमसाठी तीन रस्ते. ओळखीचा फ्रिज-एसीवाला असेल तर त्याचा मॅनिफोल्ड गेज दोन तासांसाठी मागा, त्यातला निळा डायल शून्याच्या खाली व्हॅक्यूमपण दाखवतो. पंप मात्र त्याचा फार ताकदीचा असतो, इकडे चालू केला की तिकडे काटा पार तळाला, तेव्हा व्हॉल्व किंचित उघडून १५ इंचांना (व्हॅक्यूम पाऱ्याच्या इंचांत मोजतात) लगेच बंद करायचा. दुसरा रस्ता, सायकलचा जुना हातपंप खोलून आतला चामड्याचा वॉशर उलटा बसवायचा आणि नळीत एक वन-वे व्हॉल्व ओढायच्या दिशेने टाकायचा, तो हवा भरायच्या ऐवजी ओढायला लागतो. तिसरा मला सगळ्यात आवडतो, मेडिकलमधून ५० मिलीची मोठी सिरिंज आणि सलाइनला लावतात तो थ्री-वे घ्या. ओढा, चावी फिरवा, हवा बाहेर सोडा, चावी फिरवा, परत ओढा. दोन लिटरच्या ड्राइव्हला १५ इंच यायला तीस-बत्तीस वेळा ओढावं लागेल, हिशोब करून सांगतोय. हात दुखेल पण कंट्रोल असा की सीलला धक्काच नाही.

इथेही तेच, आधी ३ ते ५ इंच, मग १४ ते १६. गेजवर ३० लिहिलेलं असतं म्हणून तिथपर्यंत ओढायला जाऊ नका, त्याची गरजही नाही आणि नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशेएक मीटर वर असल्याने आपल्याकडे तो काटा २८च्या आसपासच संपतो.

व्हॅक्यूमला साबणाचे बुडबुडे दिसणार नाहीत कारण हवा आत चाललीये. मग काटा पडत असेल तर संशयाच्या जागी, एका वेळी एकाच जागी, घट्ट ऑइल लावा. ऑइल आत ओढलं गेलं किंवा काटा थांबला की चोर सापडला. तुमच्या बाबतीत मी पंख्याच्या शाफ्टच्या बाहेरच्या सीलावर पैज लावेन. नवीन सील बेअरिंगच्या दुकानात मापावर मिळेल, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी घेऊन जा, पण आतली स्प्रिंग स्टेनलेसची आहे का ते विचारा. साधी स्प्रिंग पाण्यात गंजते आणि तुटली की सील गेलंच.

प्रश्न : सकाळी ८ला १५ पौंड लावून ठेवलं, दुपारी बघतो तर १६! गळती तर सोडाच, हवा वाढली. गेज खराब आहे का?
*– म्हसरूळ*

उत्तर : गेज चांगला आहे, ऊन खराब आहे. ड्राइव्हचं ॲल्युमिनियम उन्हात दहा अंश तापलं की १५ पौंडांचे जवळपास १६ होतात. हसण्यावारी नेऊ नका कारण याचं उलटं जास्त फसवतं, दुपारी तापलेल्या ड्राइव्हला १५ लावायचे आणि संध्याकाळी १४ बघून सगळी सीलं बदलायची. सावलीत करा, फूटपंपाने भरलेली हवाही थोडी गरम असते म्हणून पाच-दहा मिनिटं थांबून परत १५ करा आणि मगच घड्याळ लावा.

प्रश्न : नमस्कार दादा, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरजवळ आमचं छोटं कृषी पर्यटन आहे. बोट चालवायची परवानगी आणि नोंदणीची कामं चालू आहेत, त्याआधी बोट नीट करून घ्यायचीये. ड्राइव्हच्या दोन्ही टेस्ट करून घेतल्या, प्रेशर पास, व्हॅक्यूम पास, ऑइल स्वच्छ. पण माणूस बोट पाण्यात टाकून दोन तासांनी बघतो तर बोटीच्या तळाला आत पाणी. ड्राइव्हवाला म्हणतो माझं काम बरोबर आहे. मग पाणी कुठून येतंय? आणि समजा उद्या सील गेलंच तर ऑइल धरणात जाईल का, तिथलंच पाणी आख्खं शहर पितं म्हणून विचारते.
*– गंगापूर रोड*

उत्तर : ताई, ड्राइव्हवाला खोटं बोलत नाहीये. आपण केलेली टेस्ट फक्त गिअर ऑइलच्या खोलीची असते. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत आणि गिअर-पंखा बाहेर, १९५९ साली व्होल्वो पेंटाने ॲक्वामॅटिक बाजारात आणलं तेव्हापासून रचना हीच. मधून शाफ्ट जायला बोटीच्या मागच्या भिंतीला मोठं भोक पाडलेलं असतं. ते भोक आणि पाणी यांच्यात असतो एक रबरी घडीघडीचा बेलो. तो फाटला तर गिअरबॉक्स ठणठणीत असूनही बोटीत पाणी येतं, आणि बोट रात्रभर पाण्यात उभी असेल तर सकाळी बुडालेली मिळते. त्यामुळे ही गोष्ट दुधाळ ऑइलपेक्षा जास्त तातडीची.

बेलो तपासायला प्रेशर लागत नाही. बोट ट्रेलरवर घ्या, ड्राइव्ह पूर्ण वर उचला आणि एका बाजूला वळवा म्हणजे बेलोच्या घड्या ताणून उघडतात. उचललेल्या ड्राइव्हखाली लाकडी ठोकळा द्या, नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर कुणी खाली हात घालायचा नाही. मग टॉर्च मारून घडीच्या तळाशी बघा, रबर वरून चांगलं आणि खोलात तडकलेलं असतं. अंगठ्याने प्रत्येक घडी उघडून बघायची, खालच्या बाजूला जास्त वेळ द्यायचा कारण तिथे पाणी साचतं, आणि दोन्ही टोकांच्या क्लिपा गंजल्यात का तेही बघायचं. संशय असेल तर ड्राइव्ह काढल्यावर बेलोच्या आत पेटता बल्ब सोडून अंधारात बाहेरून बघा, सुईएवढं भोकसुद्धा चमकतं. बल्ब एलईडीच घ्या, गरम होणारा नको. आणि बेलोच्या आतल्या, शाफ्टला आधार देणाऱ्या गिंबल बेअरिंगमधून गंजकं पाणी आलं किंवा फिरवताना करकरलं तर तेही गेलं समजा, बेलो बदलतानाच ते बदलून घ्या म्हणजे ड्राइव्ह दोनदा काढायला नको. बेलो धड निघाला तर मग मागच्या भिंतीवरच्या असेंब्लीचं सील आणि तळाचा ड्रेन प्लग बघायला सांगा.

ऑइलचं विचारलंत ते बरं केलंत. हो, आतल्या बाजूचं सील गेलं तर ऑइल बाहेर येतं, पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग दिसतो. बोटीत गिअर ऑइलची बाटली असेल तर तिच्यावर पेनाने रेघ मारून ठेवा आणि पोराला रोज सकाळी, इंजिन गार असताना, बघायला लावा. पातळी उतरली तर ऑइल बाहेर चाललंय, चढली तर पाणी आत येतंय. दोन्हींपैकी काही दिसलं तर त्या दिवशी बोट पाण्यात उतरवायची नाही, टुरिस्ट कितीही ताटकळलेले असोत. बाटली नसेल तर आठवड्यातून एकदा, बोट रात्रभर ट्रेलरवर सरळ उभी ठेवून, सकाळी खालचा प्लग अर्धा फेरा सैल करायचा आणि खाली पांढरी वाटी धरायची. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाला बसतं आणि आधी तेच टपकतं. दोन-चार थेंब बघून प्लग लगेच आवळा, वॉशर चपटा झाला असेल तर नवा घाला आणि वाटीतलं ऑइल गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या डब्यात टाका.